काशीला सोडलेलं गोड

"कारलं," जिजी म्हणाल्या.

त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ओंजळीत गंगेचं पाणी, त्यात चार अक्षता आणि झेंडूचं एक फूल. समोर पायरीवर गुरुजी. त्यांचं घराणं कैक पिढ्या काशीत, पण मराठी अजून आपल्यासारखंच बोलणारे. काशीला आलं की आवडीचा एक पदार्थ गंगेला सोडायचा आणि मग मरेपर्यंत तो तोंडात घालायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. गुरुजींनी विचारलं, काय सोडता, माई? आणि माझ्या सासूबाईंनी, ज्यांनी जन्मात कारल्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, चेहरा अगदी गरीब करून कारलं सोडलं.

मी वरच्या पायरीवर कोरडी लुगडी सांभाळत बसले होते. मला मेलं हसू आवरेना. गुरुजी म्हणाले, आवडीचं सोडायचं असतं, नावडीचं सोडण्यात कसलं आलंय पुण्य. त्यावर जिजींनी मानेनेच बापूंकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, दाखवलं. म्हणाल्या, यांनी आत्ताच वांगं सोडलं तेव्हा नाही तुम्ही हटकलंत, वांग्याने यांच्या अंगाला खाज सुटते, विचारा हवं तर. गुरुजीही हसायला लागले. हसले नाहीत ते एकटे बापू.

त्यांना हसू कुठून येणार? आदल्या दिवाळीतच जिजींच्या डाव्या पायाचा अंगठा कापावा लागला होता. नवी चप्पल लागली, एवढंच निमित्त. साधा फोड, तो चिघळला, काळा पडला, आणि आमच्या तासगावच्या डॉक्टर मगदूमांनी मिरजेला पाठवलं. अंगठा तिथेच ठेवून त्या परत आल्या. मगदूम डॉक्टर तोंडाचे गोड, पण त्या वेळी त्यांनी बापूंना आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की वहिनींची साखर अशीच राहिली तर पुढच्या खेपेला अंगठ्यावर भागणार नाही, पाय जाईल, आणि पायानंतर काय जाईल ते मी आज सांगत बसत नाही.

आता जिजींचं आणि गोडाचं काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोड आवडणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. जिजींची तऱ्हाच वेगळी. बासुंदीची वाटी हातात आली की आधी ती जराशी हलवून दाटपणा बघायच्या. मग वास. मग चमच्याने साय बाजूला सारून पहिला घोट, डोळे मिटून, आणि मग एक लांबलचक "हं". तो हं ऐकला की करणाऱ्या बाईच्या जिवाचं सार्थक व्हायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातचा पहिला शिरा गाठीगाठीचा झाला होता. मला रडू फुटायचं बाकी होतं. जिजींनी तो बशी पुसून संपवला आणि म्हणाल्या, गाठी असल्या म्हणून काय झालं, मध्येच चावायला गंमत येते. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आईपेक्षा कणभर जास्तच माया केली मी त्या बाईवर, आणि हे सांगायला मला कसली लाज नाही.

चाळिशीतच त्यांना मधुमेह निघाला. आधी गोळ्या, मग सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. ते इंजेक्शन त्या स्वतःच्या हाताने टोचून घ्यायच्या, घड्याळ लावावं तशा वेळेवर, त्यात कधी चुकल्या नाहीत. पण गोड सुटेना. पापडाच्या डब्यात साटोऱ्या सापडायच्या, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे पेढे. पकडलं की म्हणायच्या, देवापुढचा प्रसाद आहे, नाही कसं म्हणू? बापू एसटीत कंट्रोलर होते. सगळा डेपो त्यांच्या शिटीवर हलायचा, आणि घरात एक बायको ऐकायची नाही. ओरडून झालं, अबोला धरून झाला, कपाटाला कुलूप लावून झालं. अंगठा गेल्यावर मात्र त्यांचं ओरडणंच बंद झालं. रोज सकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन जखम धुवायचे, पट्टी बांधायचे. तिचं काही बरंवाईट झालं तर हा माणूस उभा राहायचा नाही, हे कुणी सांगायला नको होतं.

काशीची कल्पना त्यांचीच. जिजी डॉक्टरांना फसवतील, नवऱ्याला फसवतील, पण गंगेत सोडलेली गोष्ट पुन्हा तोंडात घालायच्या नाहीत, एवढी त्यांना बायकोची खात्री होती. म्हणून ते आम्हाला घेऊन गेले. आमच्या ह्यांना रजा नव्हती, तर सोबतीला मी.

आणि जिजींनी तिथे कारलं सोडलं.

बापू धोतरानिशी पाण्यात उतरले. जिजींच्या अगदी शेजारी जाऊन उभे राहिले आणि वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलले. दोन वाक्यंही नसतील. मला वरून काही ऐकू आलं नाही, फक्त जिजींचा चेहरा दिसला. त्यावरचं ते मिश्कील हसू पुसून गेलं. त्या बराच वेळ बापूंकडे बघत राहिल्या. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं, गुरुजींनी ते पुन्हा भरून दिलं.

"गोड," त्या म्हणाल्या. "साखरेचं, गुळाचं, जे जे म्हणून गोड करून खातात ते सगळं."

गुरुजी चपापले. म्हणाले, माई, एवढं नको, एखादा पदार्थ पुरे होतो. जिजी म्हणाल्या, तुम्ही मंत्र म्हणा. मग मंत्र झाले आणि त्यांनी ओंजळ सोडली. वर आल्या, माझ्या हातातलं लुगडं घेतलं, आणि नेसून सरळ मुक्कामाकडे चालू लागल्या. बापू मात्र परतीच्या गाडीत पहिल्यांदा पोटभर झोपले.

तासगावला आल्यावर जिजींनी स्वतः पापडाचा डबा रिकामा केला. देव्हारा झाडून काढला. आणि खरंच सांगते, त्यानंतर त्या बाईने साखरेचा कण तोंडात घातला नाही. संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला की तो डोळ्यांना लावायचा आणि शेजारच्या पोराच्या हातावर ठेवायचा. होळीला पुरण त्यांनीच शिजवलं, त्यांनीच वाटलं, पण चाखायला मला हाक मारली. चहा बिनसाखरेचा, तोही तोंड वाकडं न करता. मला वाटलं होतं चिडतील, रडतील, आमच्यावर राग काढतील. तसलं काही नाही. नुसत्या गप्प होत गेल्या. जेवायच्या, पण आंघोळ करावी तसं जेवण उरकायच्या. अंगावर मांस राहिलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

एकदा संध्याकाळी मी बासुंदी आटवत होते. ह्यांचा वाढदिवस होता. जिजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मालू, कशी झालीय सांग ना. मी म्हटलं, छान झालीय. त्या म्हणाल्या, छान काय, नीट सांग. मग मी वाटीत घेतली आणि एकेक घोट घेत सांगत बसले, की साय जाड आलीय, वेलदोडा जरा पुढे आहे, चारोळी दाताखाली येतेय, तळाला किंचित लागल्याचा वास आहे पण तो चांगला लागतोय. जिजी डोळे मिटून ऐकत होत्या. वाटी संपली तेव्हा त्यांनी तसाच तो लांब हं केला आणि उठून गेल्या. मी चुलीपुढे उभी राहून रडले. असलं कसलं जगणं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं.

बापूंनी कानात काय सांगितलं होतं ते मी जिजींना दोन-तीनदा विचारलं. नवरा-बायकोतलं असतं एकेक, एवढंच त्या म्हणायच्या.

पण पाय वाचला. जखम भरून आली. रक्त तपासलं की मगदूम डॉक्टर खूश व्हायचे. त्यांना काशीचं ठाऊक होतं. माझ्या औषधांना जमलं नाही ते गंगेने केलं, असं म्हणून हसायचे. इंजेक्शनही त्यांनी कमी केलं. आणि एकदा बापूंना बाजूला घेऊन सांगितलं, की आता भीती उलटी आहे. इतके दिवस साखर वर जायची, आता खाण्यात हयगय झाली तर ती एकदम खाली येईल. घाम सुटला, हातपाय थरथरले, असंबद्ध बोलायला लागल्या, की क्षणाचा विचार न करता तोंडात साखर घाला. साखर जास्त झाली तर माणूस सावकाश जातो, कमी झाली तर हातोहात जातो. बापूंनी त्या दिवसापासून सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी ठेवायला सुरुवात केली. ओली झाली की नवी बांधायचे. काशी आणि पुडी, ह्या दोन गाड्या त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या रस्त्यांवर चालल्या होत्या. त्या समोरासमोर येतील असं त्यांना कधी वाटलं नाही. डॉक्टरांना नाही, आम्हालाही नाही.

वैशाखात जिजींच्या भाच्याच्या मुलाची मुंज निघाली. विट्याच्या पुढे एक लहानसं गाव, देवळाला लागून कार्यालय, वर पत्रे. उन्हाने नुसती काहिली. आम्ही आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचलो होतो. सकाळी जिजींनी नेहमीच्या वेळेला इंजेक्शन घेतलं आणि नाश्त्याला गेल्या. नाश्त्याला केळी घालून केलेला शिरा होता. सोबत थोडं उप्पीट केलं होतं म्हणे, ते पहिल्याच घोळक्यात संपलं. जिजींनी कुणाला काही सांगितलं नाही. लग्नकार्यात आपल्यापायी चुलीवर वेगळं भांडं चढायला नको, असा त्यांचा स्वभाव. बिनसाखरेचा चहा घेतला आणि उठल्या. हे सगळं आम्हाला नंतर, विचारत विचारत कळलं.

जेवायची पहिली पंगत लवकर बसायची होती. पण मुंज लावणाऱ्या गुरुजींची जीप वाटेत बंद पडली. मुहूर्त टळला, मग पुढचा धरला, आणि पंगत लांबली. मांडवात सगळी माणसं घामाने निथळत वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली. मी भिक्षावळीच्या ताटांच्या गडबडीत. बापू मला शोधत आले आणि विचारलं, जिजी कुठे दिसल्या का गं? मला वाटलं बायकांत बसल्या असतील. त्यांना वाटलं होतं माझ्याजवळ असतील.

बायकांच्या खोलीत सापडल्या. गुंडाळून ठेवलेल्या गाद्यांना टेकून एकट्याच बसल्या होत्या. पोलकं घामाने चिंब. ओठ पांढरे. हात मांडीवर ठेवलेले, ते मांडीसकट हलत होते. मी म्हटलं, उन्हाने झालंय. बापूंनी माझं ऐकलंच नाही. खाली बसले, खिशातून पुडी काढली, हातावर साखर ओतली.

"अगं, तोंड उघड. साखर आहे."

जिजींनी मान फिरवली.

बापू म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, हे औषध आहे आत्ता. जिजी नको म्हणाल्या. मी म्हटलं, जिजी, औषधाला कसला आलाय नेम, गंगा एवढंही समजून घेणार नाही का? त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, लहान मुलाला समजावावं तशी. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते, पण त्या काय बोलत होत्या ते स्पष्ट कळत होतं.

"कानात काय म्हणालात मला?" त्यांनी बापूंना विचारलं. "गोड तोंडाला लावलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. असंच म्हणालात ना?"

बापूंच्या हातावरची साखर खाली सांडायला लागली.

मला तेव्हा सगळं समजलं. पाय गेला तरी चालेल, जीव गेला तरी चालेल, पण गोड सोडणार नाही, असल्या बाईला अडवायला त्यांनी शेवटचा उपाय केला होता. तिच्या जिवाला ती भीत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःचा जीव तिच्यापुढे ठेवला होता. आणि त्या वेड्या बाईने तो वर्षभर दातांखाली धरून ठेवला होता. मला दोघांचाही राग आला, आणि दोघांची कीवही आली.

"खोटं होतं ते," बापू म्हणाले. "तुला धाक बसावा म्हणून बोललो. मी परत घेतो."

"गंगेत उभं राहून बोललात. परत कसं घ्याल?"

मग जिजींनी मला सांगितलं, मालू, भात दे मला, मीठ घालून दे, त्याने बरं वाटेल. मी धावले. स्वयंपाकाच्या जागी श्रीखंडाची दोन पातेली कपडा बांधून ठेवली होती, जिलब्यांच्या परातीवर माशा वारायला एक बाई बसवली होती, आणि भात अजून चुलीवर. आचारी म्हणाला, पंगतीला गरम वाढायचा म्हणून आत्ताच टाकलाय, जरा थांबा. मी थांबले नाही. झाकण काढून हाताने वाटीत कच्चापक्का भात घेतला, बोटं भाजली, वर मीठ टाकलं आणि परत धावले.

तोवर बापूंनी जबरदस्ती करायला घेतली होती. एका हाताने जिजींची हनुवटी धरून दुसऱ्या हाताने साखर ओठांत कोंबत होते आणि रडत होते. ह्या माणसाला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. जिजींनी पदराने ओठ खसाखसा पुसले. आत गेलेलं थुंकून टाकलं. मी भाताचा घास पुढे केला. तो त्यांनी लगेच घेतला, अगदी शहाण्यासारखा, पण गिळता येईना. घास तसाच तोंडातून बाहेर आला. दुसरा घेतला, तोही आला. मग त्यांनी बापूंच्या बाहीला हात लावला.

"तुम्ही जेवून घ्या," म्हणाल्या. "उशीर झाला की तुम्हाला पित्त होतं."

त्यांनी शहाणपणाने बोललेलं शेवटचं वाक्य हे. त्यानंतर डोळे वर गेले, अंगाला झटके यायला लागले, दातखीळ बसली. बापू बोटाने हिरड्यांवर साखर चोळत राहिले. ती लाळेबरोबर बाहेर येत राहिली. बाहेर मांडवात तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि अक्षता पडायला लागल्या.

आमच्या ह्यांनी कुणाची तरी गाडी काढली. गावातला दवाखाना बंद होता, डॉक्टर लग्नाला गेलेले. मग विटा. वाटेत गुरांचा बाजार होता, त्यात गाडी अडकली. मागच्या सीटवर जिजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि बापू त्यांचे तळपाय घासत होते, एक अंगठा नसलेला आणि एक असलेला. दवाखान्यात शिरेतून साखर दिली. डॉक्टर तरुण होता, भला होता, त्याच्या हातून होतं ते सगळं त्याने केलं. पण तो पुन्हा पुन्हा एकच विचारायचा, किती वेळ झाला होता? ते आम्हाला कुणालाच सांगता येईना. त्या खोलीत त्या कधीपासून एकट्या बसल्या होत्या, कुणाला माहीत होतं?

काही दिवसांनी त्यांनी डोळे उघडले. पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. मला बघितलं तशाच भिंतीला बघत राहिल्या. डॉक्टरांनी बापूंना समजावलं, की मेंदू साखरेवरच चालतो, ती फार वेळ मिळाली नाही तर त्यातला भाग मरतो, आणि मेलेला भाग परत येत नाही.

"साखर मिळाली नाही म्हणून?" बापूंनी विचारलं.

डॉक्टर हो म्हणाले. बापू तिथेच व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले, आणि त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो.

घरी आणल्यावर जिजी तीन वर्षांच्या पोरीसारख्या झाल्या होत्या. न्हाऊ घालायचं, भरवायचं, वेणी घालायची. मला त्या बाय म्हणायच्या, बापूंना मास्तर. काशी आठवत नव्हती, गंगा आठवत नव्हती, नवरा आठवत नव्हता. भूक तेवढी होती. काहीही पुढे केलं की तोंड उघडायचं. मगदूम डॉक्टर येऊन बघून गेले. जाताना एवढं म्हणाले, की रोग जागचा हललेला नाही, इंजेक्शन चालू ठेवा आणि गोड देऊ नका, पाय अजून धोक्यातच आहे.

त्यानंतर एका दुपारी मी देवळातून लवकर आले. मागच्या दाराने आत शिरले तर पडवीत जिजी खुर्चीवर बसलेल्या आणि समोर स्टुलावर बापू. त्यांच्या मांडीवर वाडीच्या पेढ्यांचा पुडा. ते पेढा मोडून भरवत होते आणि जिजी गिळत होत्या. वास घेणं नाही, जिभेवर घोळवणं नाही, डोळे मिटणं नाही. एक गिळला की तोंड पुन्हा उघडं. त्यांच्या तोंडात गोड जात होतं, आणि ते कुणालाच लागत नव्हतं. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "बापू, साखर वाढेल त्यांची."

"वाढू दे."

मी पुडा काढून घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. माझ्याकडे न बघता बोलायला लागले, आणि आवाज अगदी साधा होता, गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसा.

"घरी आणल्यापासून रोज देतोय, मालू. तू देवळात जातेस तेव्हा. स्वतःच्या हाताने तिची शपथ मोडतोय. रात्री झोपताना वाटतं, आज काहीतरी होईल. सकाळी उठतो तर धडधाकट. साधी शिंकसुद्धा आली नाही मला."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांना स्वतःचं मरण हवं होतं म्हणून ते पेढे भरवत होते असं मला आधी वाटलं. ते तसं नव्हतं, किंवा नुसतं तेवढंच नव्हतं. मग ते म्हणाले, "ती ज्याला भ्याली ते निदान खरं तरी असायला हवं होतं गं."

जिजींनी त्यांची बाही ओढली आणि म्हणाल्या, मास्तर, अजून. बापूंनी पुढचा पेढा मोडला.

जिजी त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेल्या. बापू त्यानंतर सोळा वर्षं जगले, आणि तेवढ्या वर्षांत दवाखान्याची पायरी त्यांना एकदाही चढावी लागली नाही.